घराच्या वळचणीचें पोळें

वचन : निर्गम २३:२८–३०, अनुवाद २२:८



पवित्र शास्त्रांत गांधीलमाशीचें नांव तीन ठिकाणीं येतें. निर्गम २३:२८, अनुवाद ७:२० व यहोशवा २४:१२ हीं वचनें काढून पाहा. इस्राएल लोकांना कनान देशांत वसवितांना तेथील शत्रूंना हांकून लावण्याकरितां परमेश्वर गांधीलमाशांना कामास लावितो, असें तेथें सांगितलें आहे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ "घबराट" असा असावा असें कांहीं विद्वान म्हणतात. परंतु जुन्या भाषांतरकारांनीं गांधीलमाशी हाच अर्थ घेतला, आणि खेड्यांत राहणाऱ्या मनुष्याला त्याचें नवल वाटणार नाहीं. पोटावर पिवळा पट्टा असलेली जी मोठी तांबूस गांधीलमाशी त्या देशांत आढळते, तीच जात आपल्या देशांतहि आहे. वाघाच्या गोष्टी सांगणारा गडी हिची गुणगुण कानाशीं येतांच डोक्यावरचें मुंडासें टाकून पळतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

परंतु आज आपण त्याच्या पुढच्या दोन वचनांकडे विशेष लक्ष देऊं. निर्गम २३:२९ व ३० ह्यांत देव असें सांगतो कीं, हें हांकून लावण्याचें काम मी एका वर्षांत उरकणार नाहीं; तसें केलें तर देश ओस पडेल आणि रानटी जनावरें माजतील; म्हणून तें मी हळूहळू करीन. पाहा, ज्याच्या हातीं सर्व सैन्यें आहेत, तो देवहि आपलें बळ मापानें वापरतो. काय काढावें, केव्हां काढावें आणि किती काढावें ह्याचा तो विचार करितो.

आपल्या घराच्या वळचणीस, गोठ्याच्या आढ्यास किंवा प्रार्थनामंदिराच्या दारावर पोळें दिसलें म्हणजे आपण बहुधा दोहोंपैकीं एक चूक करितों. एक तर आळसानें तें वाढूं देतों, नाहींतर भयानें व रागानें हातांत पेटता बोळा घेऊन धांवतों. ह्या दोहोंच्या मधून शहाणपणाची एक वाट जाते. ती वाट अशी : आधीं ओळखा, मग वेळीं हात घाला, आणि हात घालाल तो मापानें घाला.

पहिली गोष्ट : ओळखा

लेवीय १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीला चट्टा पडला तर काय करावें ह्याविषयीं नियम दिला आहे. याजकानें येतांच घर पाडावें असें तेथें म्हटलेलें नाहीं. त्यानें आधीं पाहावें, घर सात दिवस बंद ठेवावें, पुन्हां येऊन पाहावें, आणि मग निवाडा करावा. चट्टा वाढत असेल तर तेवढे दगड काढावे. घर पाडण्याची पाळी सर्वांत शेवटीं. पाहिल्याशिवाय निवाडा नाहीं, हा देवाच्या लोकांचा कायदा आहे.

तर मग आपल्या भिंतीकडे पाहा. कोनाड्यांत, खिडकीच्या चौकटीला किंवा टांगलेल्या कपड्यालाहि मातीचें लहानसें घरटें लागलेलें असतें. तें कुंभारणीचें. कुंभारीण एकटी राहते. तिच्यामागें पोळ्याचें सैन्य नसतें, आणि घरट्याच्या रक्षणाकरितां ती मनुष्याच्या अंगावर धांवून येत नाहीं. मुठीत धरून चेंगरली तरच ती नांगी मारते. तिची एक जात मातीच्या कोठड्यांत कोळी भरते, दुसरी जात अळ्या भरते. ती त्यांना जीवें मारीत नाहीं. नांगीच्या विषानें नुसत्या लुळ्या करिते, म्हणजे तें अन्न नासत नाहीं. अंडें व अन्न आंत ठेवून ती कोठडीचें तोंड मातीनें लिंपून टाकते. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं तें अन्न खाऊन वाढतें आणि एके दिवशीं भिंत फोडून बाहेर येतें.

कुंभारणीनें कोंडलेली अळी तिच्या ध्यासानें स्वतःच कुंभारीण होते, अशी जुनी समजूत आपल्या देशांत आहे. दृष्टांत म्हणून तिचें मोल कांहींहि असो, त्या कोठडींत घडतें तें निराळें : आंत गेलेली अळी खाल्ली जाते, आणि बाहेर येते ती कुंभारणीचीच संतति. ऐकलेल्या गोष्टीवर न थांबतां डोळ्यांनीं पाहावें, एवढाच बोध आपण ह्यांतून घेऊं. कुंभारणीचें घरटें नको असेल तर तें रिकामें झाल्यावर खरवडून टाका. त्याकरितां आरडाओरड नको.

दुसरें, कागदाचें पोळें. एका बारीक देठाला उलट्या छत्रीसारखें टांगलेलें, राखी रंगाचें, उघड्या कोठड्यांचें पोळें पाहिलें असेल, तें गांधीलमाशांचें. त्या जुन्या वाशांचें व कुंपणाच्या काठ्यांचें लांकूड दातांनीं खरवडतात, लाळेंत कालवितात आणि त्याचा कागद करितात. युरोपांत कागद चिंध्यांपासून होत असे त्या काळीं, १७१९ सालीं, फ्रान्स देशांतील रेओम्यूर नांवाच्या विद्वानानें पॅरिस येथील विद्वत्सभेपुढें ही गोष्ट मांडली आणि माशी लांकडापासून कागद करिते तर मनुष्यालाहि तो करितां यावा असें सुचविलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत लांकडाच्या लगद्याचा कागद निघाला, आणि आज जगांतील बहुतेक कागद तसाच होतो. ज्या कागदावर आपण शास्त्र वाचतों, त्याची युक्ति देवानें ह्या क्षुद्र प्राण्याला फार पूर्वीं शिकविली होती. शिवाय ह्या माशा आपल्या पिल्लांकरितां शेतांतील अळ्या टिपून नेतात. भाजीच्या वाफ्यांत व कापसाच्या शेतांत त्यांचें काम चालतें, आणि त्याची मजुरी त्या मागत नाहींत. बांधावरच्या झाडाला, जेथें कोणाचें जाणेंयेणें नाहीं, तेथें असें पोळें असेल तर तें असूं द्या.

तिसरी, मोठी गांधीलमाशी. ती झाडाच्या ढोलींत, जमिनीच्या बिळांत किंवा जुन्या भिंतीच्या पोकळींत घर करिते. तिचें पोळें दिसत नाहीं. एका भोकांतून मोठ्या माशा सारख्या आंतबाहेर करितांना दिसतात, एवढीच तिची खूण. हिच्याशीं खेळ करूं नये. मधमाशीची नांगी कांटेरी असल्यामुळें ती मनुष्याच्या कातडींत अडकून राहते आणि मधमाशी मरते. परंतु गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्यामुळें ती एकदां मारून थांबत नाहीं, पुन्हां पुन्हां मारते. आणि पोळ्याजवळ एक माशी चिरडली तर तिच्या विषाच्या वासानें बाकीच्या चवताळून बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट : वेळीं हात घाला

अनुवाद २२:८ मध्यें देवानें घर बांधणाऱ्याला आज्ञा दिली आहे कीं, धाब्याला कठडा कर. नाहींतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशांत लोक धाब्यावर बसत व निजत, म्हणून ही आज्ञा. आपलें घर कौलारू असो कीं पत्र्याचें, आज्ञेचें मर्म आपणांसहि लागू आहे : माझ्या घरीं येणारा माझ्या हयगयीमुळें दुखावतां कामा नये. ज्या दारांतून लेंकरें शाळेला जातात, ज्या ओट्यावर म्हातारी आई बसते, ज्या गोठ्यांत बैल बांधलेला आहे आणि दावें तोडून पळूं शकत नाहीं, तेथील वळचणीचें पोळें हें आपलें न बांधलेलें कठडें आहे.

प्रारंभीं तें पोळें रुपयाएवढें असतें, त्यांत पांचदहा कोठड्या असतात आणि त्यावर एक किंवा दोनचार माशा बसलेल्या असतात. त्या दिवसांत तें काढणें हें लांब दांड्याच्या झाडूचें काम आहे. अंगभर कपडे घालावे, तोंड व मान फडक्यानें गुंडाळावी, मुलें व गुरें दूर न्यावीं, संध्याकाळ होऊं द्यावी, पोळ्याच्या अगदीं खालीं उभें राहूं नये; झाडूनें तें पाडून दूर व्हावें, आणि दुसऱ्या दिवशीं देठहि खरवडून टाकावा. साबणाचें पाणी जोरानें फवारलें तरी माशा मरतात. आठवड्यांतून एकदां वळचण, खिडक्यांच्या मागील बाजू, विहिरीचा रहाट, न वापरलेली मडकीं व शौचकूपाचें छप्पर पाहिलें तर मोठ्या पोळ्याची वेळच येत नाहीं. भिंतींतील भगदाडें माशा नसतांना बुजवून घ्यावीं. माशा आंत असतांना मात्र भोक लिंपूं नये; त्या दुसरी वाट करून घरांत येतात.

परंतु आपण काय करितों? प्रार्थनामंदिराच्या दारावर पोळें लागलें. पाळकांस वाटतें, हें पंचांचें काम. पंच म्हणतात, शाळामास्तर तेथें रोज असतात, त्यांनीं पाहावें. मास्तर म्हणतात, झाडणारी बाई आहे. बाई म्हणते, मला कोणीं सांगितलें नाहीं. असे महिने जातात, आणि पोळें ताटाएवढें होतें. जें सर्वांचें, तें कोणाचेंच नाहीं, असें आपल्या मंडळ्यांत पुष्कळदां होतें. अशा ठिकाणीं ज्याला पोळें पहिल्यानें दिसलें, त्याचेंच तें काम असें समजावें. वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याला पाहून याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला. पाहिलें तर तिघांनींहि होतें.

तिसरी गोष्ट : मापानें घाला

पोळें मोठें झालें असेल, किंवा तें मोठ्या गांधीलमाशीचें असेल, तर तेथें शौर्य दाखवूं नका. पोळ्याखालची वाट बंद करा, मुलांना दुसऱ्या वाटेनें पाठवा, कोणी दगड मारूं नये म्हणून दोरी बांधून खूण करा, आणि हें काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. ग्रामपंचायतीला सांगा, जवळच्या शहरांत अग्निशामक दल असेल तर तेथें विचारा. दोन दिवस थांबण्यांत लाज नाहीं. लेवीय पुस्तकांतील याजक सात दिवस थांबत असे.

आग मात्र लावूं नका. काठीला चिंधी गुंडाळून, रॉकेलांत बुडवून पोळें जाळण्याची रीत गांवोगांव आहे. क्षणभर विचार करा : पोळें कोठें आहे? वळचणीला. वळचणीला लागून काय आहे? वाळलेलें गवत, जुने वासे, वर ठेवलेली सरपणाची मोळी, आणि आतां पुष्कळ घरीं चुलीशेजारीं गॅसची टांकी. पोळें जळतें, पण पेटलेल्या माशा व ठिणग्या कोठें पडतील हें कोणाच्या हातीं नसतें. लहानशी ठिणगी केवढें रान पेटविते, हें याकोबानें तिसऱ्या अध्यायांत जिभेविषयीं लिहिलें आहे. पण खऱ्या ठिणगीविषयींहि तें तितकेंच खरें आहे. तसेंच शेतावर फवारण्याचें जहर चुलीजवळ, पाण्याच्या हंड्याजवळ किंवा विहिरीजवळ मारूं नका. माशा मारण्यासाठीं आपल्या लेंकरांच्या पाण्यांत विष कालविणें हा कोणता शहाणपणा?

माशा उठल्याच तर हातवारे करीत उभें राहूं नये. तोंड व डोळे झांकून सरळ पळावें आणि बंद खोलींत शिरावें. पाण्यांत उडी घालूं नये. वर श्वास घेण्यास येतांच त्या पुन्हां नांगी मारतात.

दंश झाल्यावर काय करावें

आतां जी गोष्ट सांगावयाची ती जीवनमरणाची आहे. उपदेशकांनीं ही सभेंत दोनदां वाचून दाखवावी.

एकदोन दंश झाले, तेवढीच जागा सुजली व आग झाली, तर ती जागा साबणानें व पाण्यानें धुवावी आणि गार पाण्याची पट्टी ठेवावी. हाताला दंश असेल तर सूज चढण्यापूर्वीं अंगठी व बांगड्या काढाव्या. बहुतेकांना एवढ्यानें बरें वाटतें. परंतु कांहीं माणसांच्या शरीराला हें विष मुळींच सोसत नाहीं. अशा मनुष्याच्या सर्वांगावर गांधी उठतात, ओंठ व जीभ सुजते, श्वास लागतो, आवाज बसतो, ओकारी येते, डोळ्यांपुढें अंधारी येते. हें सर्व कांहीं मिनिटांत होऊं शकतें, आणि एकाच दंशानेंहि होऊं शकतें. तेथें चुना, हळद, लोखंड फिरविणें किंवा मंत्र घालणें ह्यांत एक क्षणहि घालवूं नका. त्याला उताणें निजवून पाय किंचित् उंच करा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा. उठून चालूं देऊं नका. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनानें दवाखान्यांत न्या. ॲड्रिनलिन नांवाची सुई मांडीच्या स्नायूंत वेळेवर मिळाली तर असा मनुष्य वांचतो. पुष्कळ दंश झाले असतील, किंवा तोंडांत अगर घशांत दंश झाला असेल, तरीहि दवाखान्यांतच न्यावें. पुष्कळ दंशांचें विष मूत्रपिंडांवर मागाहून परिणाम करितें; म्हणून रोगी आज हिंडूंफिरूं लागला तरी लघवी कमी होते किंवा लाल-काळी होते काय ह्याकडे पुढील कांहीं दिवस लक्ष ठेवावें.

येथें कोणी भाविक बंधु म्हणेल, आम्ही प्रार्थना करूं, देव बरें करील. अवश्य प्रार्थना करा. पण हिज्कीया राजा मरणाच्या पंथास लागला असतां त्यानें रडून प्रार्थना केली, देवानें ती ऐकली, आणि तरीहि यशया संदेष्ट्यानें अंजिरांचें पोटीस आणून गळवावर बांधावयास सांगितलें. हें २ राजे २०:७ ह्यांत लिहिलें आहे. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. औषध हें देवाचेंच देणें आहे. मूल श्वासासाठीं तडफडत असतां गाडी न बोलावितां त्याला घरीं ठेवणें हा विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा जो मोह सैतानानें प्रभूपुढें ठेविला, त्याच जातीचा हा मोह आहे. प्रभूनें देवाची परीक्षा पाहण्याचें नाकारलें. आपणहि तें नाकारावें. गाडीच्या वाटेवर डोळे लावून केलेली प्रार्थना देव ऐकतो.

मंडळीच्या वळचणीस

प्रियजनहो, आतां एक पोळें राहिलें. तें घराला नाहीं, मंडळीला लागतें. दोन कुटुंबांत लग्नाच्या मानपानावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा बांधावरून शब्दाला शब्द लागतो. त्या दिवशीं तें रुपयाएवढें असतें. प्रभूनें मत्तय १८:१५ मध्यें सांगितलें आहे कीं, भावाचा अपराध दिसला तर त्याच्याकडे एकटें जाऊन बोलावें. हा लांब दांड्याचा झाडू आहे. पहिल्या आठवड्यांत तेवढा पुरतो. आपण जात नाहीं. कुजबुज वाढते, पक्ष पडतात, आणि मग कोणी एक दिवस चवताळून पेटता बोळा हातीं घेतो : बहिष्कार घाला, नांव काढून टाका, कचेरींत चला. पोळें जळतें, पण घरहि जळतें. आणि पुष्कळदां असेंहि होतें कीं, ज्याला आपण गांधीलमाशी समजून झोडपलें, तो बिचारा कुंभारणीसारखा आपल्या कोपऱ्यांत आपलें काम करणारा भाऊ होता. आधीं न ओळखल्याचें तें फळ.

बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या संस्थेंत राघवेंद्र गदगकर नांवाच्या शास्त्रज्ञानें आपल्याकडील एका कागदी गांधीलमाशीचा कित्येक वर्षें अभ्यास केला व २००१ सालीं त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पोळ्यांत एक राणी असते. ती सर्वांत भांडखोर असावी असें आपणांस वाटेल. परंतु ह्या जातीची राणी अत्यंत शांत असते, ती कोणाशीं झोंबत नाहीं. राणी नाहींशी झाली म्हणजे कामकरी माशांपैकीं एक एकाएकीं फार आक्रमक होते व इतरांना सतावूं लागते. तीच पुढें राणी होते, आणि राणी झाल्यावर सुमारें आठवड्याभरांत तिचें भांडणें मावळतें. म्हणजे त्या पोळ्यांत आदळआपट करणारी माशी ही अजून राणी झालेली नसते! माशांपासून धर्म शिकावा असें मी म्हणत नाहीं. पण शलमोनानें आळशाला मुंगीकडे पाठविलें, तर मानासाठीं भांडणाऱ्या पंचाला ह्या पोळ्याकडे पाठवावयास हरकत नसावी. आपल्या प्रभूनें तर शिष्यांचे पाय धुऊन ही गोष्ट कधींच शिकविली आहे.

म्हणून बंधूंनो, येत्या शनिवारीं दोन कामें करा. दिवसाउजेडीं घराभोंवतीं व प्रार्थनामंदिराभोंवतीं फिरून वळचणी पाहा. जें निरुपद्रवी आहे तें असूं द्या, जें लहान आहे तें वेळीं काढा, जें मोठें आहे त्याकरितां जाणत्याला बोलवा. आणि संध्याकाळीं, प्रार्थनेला बसण्यापूर्वीं, ज्या भावाशीं बोलणें तुटलें आहे त्याच्या दारीं जा. पोळें अजून लहान आहे तोंच जा.

ज्यानें कनानची वाट आपल्या लोकांकरितां हळूहळू, पण निश्चयानें मोकळी केली, तो देवबाप तुमचीं घरें, तुमचीं लेंकरें व तुमच्या मंडळ्या सुरक्षित राखो. आमेन.